चंद्रीचं दावं

१

घोडेगावात म्हैस हरवली तर कुणी चहाचा कप खाली ठेवत नाही. दर शुक्रवारी जिथं एवढ्या म्हशी येतात आणि जातात, तिथं एखादी इकडची तिकडे व्हायचीच. पण त्या शनिवारी सकाळी चांदभाईंच्या फाटकाबाहेर निम्मं गाव गोळा झालं होतं, कारण चोरीला गेलेली म्हैस लोखंडाची होती.

सुमेधाबाई धर्माधिकारी नेवाशाहून स्कूटर दामटत आल्या. सरकारी दवाखान्यात जनावरांची डॉक्टरकी करून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण नजर काही निवृत्त झाली नव्हती. जनावर आपलं दुखणं सांगत नाही, ते बघून ओळखावं लागतं. आणि ही सवय अंगी मुरली की माणसांचीही सुटका होत नाही. पहाटेच चांदभाईंच्या सुनेचा, अलफियाचा फोन आला होता. "मॅडम, चंद्री गेली. अम्मी असत्या तर त्यांनी तुम्हालाच बोलावलं असतं." अम्मी म्हणजे चांदभाईंची बायको, मुबारकबी. तिचा विषय निघाल्यावर सुमेधाबाईंना घरात बसवेना.

फाटकाशीच सहादेव आडवा आला. हा म्हशींचा दलाल. बाजारातल्या प्रत्येक जनावराच्या सात पिढ्या तोंडपाठ, आणि त्या ऐकवल्याशिवाय कुणाला सोडायचा नाही.

"म्याडम, बरं झालं घावलात. काल एक धनुर्वाताची म्हैस पाह्यली. सकाळच्याला पहिला चहा हातात हुता, बाजार अजून भरायचा हुता. टेम्पोत उभी. पाय चार खांबावानी, कान ताठ, शेपूट वर. अंगावर गोधडी पांघरलेली. टेम्पो गतिरोधकावर असा आपाटला, पर हिनं मान हलवली न्हाई! लई वंगाळ वाटलं."

"सहादेव, आजारी जनावर असेल तर दवाखान्यात कळव. आज मी वेगळ्या म्हशीसाठी आलेय."

"ती बी म्हैसच की," सहादेव म्हणाला, आणि नाराज होऊन बाजूला झाला.

चांदभाईंचं अंगण पहिल्यांदा बघणारा माणूस फाटकातच थबकतो. उभा जन्म त्यांनी बैलगाड्यांच्या चाकांवर लोखंडी धावा चढवल्या, नांगराचे फाळ ठोकून धारेला लावले, आणि म्हातारपणी त्याच मोडीतून जनावरं घडवायला घेतली. सायकलच्या रिमांच्या बरगड्यांचा घोडा. जुन्या विळ्यांचा पिसारा फुलवलेला मोर. कुळवाच्या दांड्यांचा उंट. स्टोव्हच्या बर्नरचं डोकं असलेली कोंबडी. आणि हे सगळे प्राणी, अगदी मोरसुद्धा, निळ्या नायलॉनच्या दाव्यानं खुंट्यांना बांधलेले. लोखंडाला दावं कशाला, असं कुणी विचारलं की चांदभाई म्हणत, "बांधलं न्हाई तर त्याला जनावर कसं म्हनायचं?" प्रत्येकाच्या पायाखाली बेरिंगची चाकं होती. ऊन चढलं की म्हातारा एकेकाला ढकलत लिंबाच्या सावलीत नेई. गाव हसे, चांदभाई गावाला हसत.

भात्याच्या खोलीच्या भिंतीवर मात्र खऱ्या जनावरांची दावी टांगलेली होती. ह्या घरातून आजवर विकल्या गेलेल्या गाई-म्हशी-बैलांची. सुंभाची, काथ्याची, एक चामड्याचं, शेवटच्या खिळ्यावरचं तेवढं निळं. जनावर विकायचं, पण दावं द्यायचं नाही, ही ह्या भागातली जुनी चाल. घेणारा आपलं नवं दावं आणतो. जुनं घरात राहिलं की घराची बरकत जनावराच्या मागं निघून जात नाही, असं मुबारकबी म्हणायची.

आणि लिंबाखालची मधली खुंटी रिकामी होती. तिथं चंद्री असायची.

खरी चंद्री मुबारकबीची लाडकी. कपाळावर पांढरा चांद, म्हणून चंद्री. मुबारकबीची कंबर गेली, धार काढवेना, तेव्हा ती सोनई रस्त्यावरच्या वस्तीवर रंगुबाईला विकली. त्यानंतर मुबारकबी धड जेवेना. मग चांदभाईंनी गुऱ्हाळातली फुटकी काहील आणून तिचं पोट केलं, ट्रॅक्टरच्या स्प्रिंगपाट्यांची शिंगं केली, नांगराच्या फाळांचे कान केले, कपाळावर पितळी झाकण डकवलं आणि बायकोसमोर लोखंडाची चंद्री उभी केली. मुबारकबी जाऊन आता दोन उन्हाळे झाले. ह्या एका म्हशीला चांदभाई रोज संध्याकाळी फडक्यानं पुसत.

"डाक्टरीणबाई," चांदभाई बाजेवरून म्हणाले. त्यांचे डोळे सुजले होते. "जुम्म्याच्या नमाजला गेल्तो. तेवढ्यात नेली. दुसऱ्या वक्ती मी घरातच हुतो ना. चहा घेतला का?"

"घेते की," सुमेधाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात खिशातून फोन काढत एक तरुण पुढं झाला. पुण्याचा अवधूत. चांदभाईंच्या कामाचं प्रदर्शन तोच भरवणार होता, आणि आज ट्रक घेऊन सगळी जनावरं न्यायला आला होता. "बास झालं. मी पोलिसांना फोन लावतो," तो म्हणाला.

"लावू नका," भात्याच्या खोलीतून आवाज आला. चांदभाईंचा मुलगा फैयाज दारात उभा होता. "चंद्री मी नेली. भंगारात विकली."

२

चांदभाई बाजेवरून उठले. उठताना त्यांना आधार लागला, आणि तो द्यायला फैयाजच पुढं झाला. म्हाताऱ्यानं त्याचा हात झिडकारला.

"तुज्या अम्मीची म्हैस... भंगारात?"

फैयाज खाली बघत राहिला.

"उद्या सकाळी ह्या घरात दिसू नगंस. तू न्हाईस माजा."

लोक हळूहळू पांगले. अशा वेळी थांबावंसं तर वाटतं, पण थांबवत नाही. सहादेव तेवढा फाटकाबाहेर घुटमळला, मग तोही गेला.

अवधूतनं सुमेधाबाईंना बाजूला घेतलं. "मला तर आधीपासून शंका होतीच. हा माणूस सुप्याला कारखान्यात वेल्डर आहे. ह्याला ही कला म्हणजे नुसतं लोखंड. अर्थात पाट्या मात्र त्यानं छान रंगवल्यात, तेवढं मान्य करायला हवं."

पाट्या खरंच छान होत्या. प्रत्येक खुंटीला लाकडी पट्टी, तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं ठसठशीत अक्षरं: मोर. उंट. घोडा. पाहुण्यांना कळावं म्हणून त्या फैयाजनं लिहिल्या होत्या. सुमेधाबाईंना मोराखाली 'मोर' लिहिलेलं बघून गंमत वाटली. मोर कुणाला ओळखू येणार नाही?

"तुम्ही शुक्रवारी कुठं होतात?" त्यांनी सहज विचारलं.

"पुण्यात. म्हणजे, माझ्यावर संशय आहे की काय?"

"जनावर आजारी पडलं की मी आधी खाणं विचारते, मग पाणी. सवय आहे. रागावू नका."

अवधूत रागावला नाही, पण ट्रकवाल्याशी बोलायला म्हणून निघून गेला. बुधवारी येऊन ह्यानं फाटकाची रुंदी मोजली होती, हे सुमेधाबाईंना फाटकाशेजारच्या टपरीवाल्यानं मघाच सांगितलं होतं. चोर फाटक मोजतो. पण ट्रक आणणाराही मोजतो. तो मुद्दा त्यांनी सोडून दिला.

फैयाज भात्याजवळ बसला होता. सुमेधाबाई त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"चंद्री केवढी जड होती रे. भंगारवाल्यानं अख्खी नेली?"

"कापून दिली. अब्बा नमाजला गेल्यावर."

"गॅस कटरनं?"

"व्हय."

"तिथंच, खुंटीपाशी?"

"व्हय मॅडम."

सुमेधाबाई उठून खुंटीपाशी गेल्या. काहिलीचा जाड पत्रा कापायचा म्हणजे ठिणग्यांचा पाऊस. खालची माती जळून काळी पडते, वितळलेल्या लोखंडाच्या गोळ्या पसरतात. इथं वाळलेली लिंबाची पानंसुद्धा जशीच्या तशी होती. एकही करपलेलं नव्हतं. पानांवरून मुंग्यांची एक लांबलचक रांग मात्र लगबगीनं चालली होती.

त्या परत आल्या. "फैयाज, खोटं बोलायला तुला जमत नाही. शिकला नाहीस तू."

त्यानं वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर पकडल्या गेलेल्या चोराची भीती नव्हती. दवाखान्यात एखादा शेतकरी येतो, जनावर वाचणार नाही हे त्याला ठाऊक असतं, आणि ते आपल्या तोंडून निघू नये म्हणून तो डोळ्यांनी विनवतो. तसा तो बघत होता.

"मॅडम, मी नेली म्हटलंय ना. तेवढ्यावर राहू द्या."

३

चोरी न केलेला माणूस चोरी कबूल करतो, तेव्हा तो कुणाला तरी पाठीशी घालत असतो. आता कुणाला? नवऱ्यानं पहिल्यांदा कुणाला पाठीशी घालावं? सुमेधाबाई स्वयंपाकघरात गेल्या.

अलफिया बॅग भरत होती. भरता भरता रडत होती, आणि रडता रडता लेकराचे कपडे नीट घड्या घालून ठेवत होती.

"मला हे अंगण कधी आवडलं नाही, मॅडम, खरं सांगते," ती म्हणाली. "कपडे वाळत घालायला जागा नाही. उंटाच्या मानेवर चादरी टाकते मी. पण चंद्रीला कसं कुणी विकेल? फैयाज तर रोज कामावरून आला की आधी तिच्या कपाळावर हात ठेवायचा. आणि आता म्हणतो, मी विकली. मलाही काही सांगत नाही."

ही काही लपवत नाही, हे सुमेधाबाईंना तिच्या हातांवरून कळलं. लपवणाऱ्या बाईचे हात इतके नीटस चालत नाहीत.

"शुक्रवारी घरी कोण होतं?"

"फैयाज पहिल्या पाळीला गेलेला. मी भाकऱ्या टाकल्या आणि सकाळच्या गाडीनं नगरला माहेरी गेले, माझ्या अम्मीजानच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. अब्बा एकटेच." तिनं नाक पुसलं. "तेवढ्यात चोरानं डाव साधला. अंगणात वाळत घातलेली अम्मींची गोधडीसुद्धा नेली मेल्यानं. तिच्यात काय भंगार होतं?"

गोधडी हा शब्द सुमेधाबाईंच्या मनात कुठंतरी अडकला. आज कुणीतरी गोधडीचं काही बोललं होतं. आठवेना.

"आणि चांदभाई? त्या सकाळी कसे होते?"

"खुशीत होते, खोटं कशाला बोलू. दोन भाकऱ्या जास्त मागून घेतल्या. गुळाचा खडा मागितला. त्यांना शुगर आहे, मी देत नाही. पण एवढ्या लाडानं मागितला की दिला. फैयाजला सांगू नका हं."

दारातून चांदभाई डोकावले. "डाक्टरीणबाई, चहा घेतला का?"

अलफियानं मघाशीच दिलेला रिकामा कप सुमेधाबाईंच्या हातातच होता. "घेतला, चांदभाई."

"बरं, बरं. आज सडक लई गुमसुम हाय. बाजाराला लोक आलं न्हाईत का?"

"बाजार काल झाला."

"व्हय की," ते म्हणाले आणि वळले. दुःखात माणसाला वाराचं भान राहत नाही, असं सुमेधाबाईंना वाटलं. अलफियानं मान फिरवली आणि उगाच बॅगेची चेन ओढत बसली.

कप ठेवायला सुमेधाबाई ओट्याकडे वळल्या, आणि वरच्या फळीकडे बघत राहिल्या. फळीवर डबे होते. प्रत्येक डब्यावर पांढरा ऑइलपेंट, ठसठशीत अक्षरं: चहा. साखर. मीठ. हळद. शेजारच्या दारावर: न्हाणी. खुंटीवर: अब्बांची टोपी.

प्रदर्शनाचे पाहुणे अंगणापर्यंत येतील. स्वयंपाकघरात कोण येणार होतं?

त्या पुन्हा अंगणात गेल्या, रिकाम्या खुंटीपाशी वाकल्या आणि बोटानं पानं बाजूला केली. मुंग्यांची रांग एका भाकरीच्या तुकड्याशी जात होती. तुकड्यावर गूळ चोळलेला होता. गोठ्यातून जनावर कायमचं निघालं की घरची माणसं त्याला शेवटचा घास भरवतात, तो हा घास होता.

लोखंडाच्या म्हशीला निरोपाची भाकरी कुणी भरवली?

४

सहादेव हॉटेलात होता. सकाळचा राग अजून उतरला नव्हता, तरी सुमेधाबाईंना बघून बाक पुसून दिला.

"सहादेव, ती धनुर्वाताची म्हैस. परत सांग. सगळं."

सहादेवची कळी खुलली. "तरी मी म्हनत हुतो! चार पाय ताठ, शेपूट वर..."

"कपाळावर काही होतं?"

"गोधडी पार शिंगांपत्तुर हुती. पर वाऱ्यानं उडाली तशी कपाळावर चांद दिसला. पिवळा. मी म्हनलं, पांडरा चांद पाह्यलाय, पिवळा कुठनं आला?"

"आणि डोळे?"

"मिटलंच न्हाईत. धूळ उडाली तरी." सहादेव थांबला. त्यानं सुमेधाबाईंकडे बघितलं, मग स्वतःच्या चहाकडे, आणि त्याचा जबडा खाली आला. "अगं आई. मी लोकंडाला धनुर्वात झाल्याचं सांगितलं व्हय?"

"आजवर कुणी केलं नसेल असं निदान केलंस. पण तुझ्यामुळेच सापडेल ती."

"बाजारात कुनाला सांगू नगा म्याडम. धंदा बसल."

शुक्रवारी घोडेगावच्या रस्त्यावर टेम्पोत म्हैस नेण्याइतकी सुरक्षित गोष्ट दुसरी नाही. लपवायचीही गरज नसते. पण सुमेधाबाईंच्या डोक्यात भलतंच फिरत होतं. "पहिला चहा हातात होता म्हणालास. नक्की?"

"नक्की म्हंजे! बाजार भरल्यावर चहा प्यायला मला कुठली सवड?"

"टेम्पो कुठं वळला?"

"सोनईच्या रस्त्याला. निळा छोटा हत्ती टेम्पो, मागं दुधाचं क्यान."

सुमेधाबाई स्कूटरपाशी आल्या, पण किल्ली लावली नाही. सगळे म्हणत होते, चोरी नमाजच्या वेळी झाली. का, तर तेवढाच वेळ चांदभाई घरी नव्हते. पण बाजार भरायच्या आधीच चंद्री टेम्पोत उभी होती. त्या वेळी फैयाज कारखान्यात होता, अलफिया नगरच्या गाडीत. घरी एकच माणूस होता, आणि त्यानं सुनेकडून भाकरी मागून घेतली होती, गुळाचा खडा मागून घेतला होता.

आणि मग त्यांना भात्याच्या खोलीची भिंत आठवली. खऱ्या जनावरांची जुनी दावी, सुंभाची, काथ्याची. त्यांतलं शेवटचं निळं. अंगणातल्या लोखंडी जनावरांना बांधतात तसलं, नायलॉनचं.

त्यांना रहस्य उलगडल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्यांनी किल्ली लावली आणि स्कूटर सोनईच्या रस्त्याला घातली.

५

रंगुबाईची वस्ती उसाच्या मळ्याला लागून होती. गोठ्यात चार म्हशी रवंथ करत होत्या आणि पाचवी, मुबारकबीची गोधडी पांघरून, पितळी चांद कपाळावर घेऊन, मुकाट उभी होती. कुणीतरी तिच्यापुढंही वैरणीची पेंढी टाकली होती. गळ्यात सुंभाचं कोरं दावं होतं.

"या बाई," रंगुबाई म्हणाली. तिला विचारायची गरजच पडली नाही. कालपासून पोटात ठेवलेलं तिला कुणाजवळ तरी ओकायचंच होतं. "माजा भीमा दूध घालाया जातो ना, त्याला चांदभाईनं रस्त्यात थांबिवलं. म्हनलं, तुज्या आईनं घेतलेली म्हैस न्हे. भीमाला वाटलं, म्हातारा आपली कलाकारी बक्षीस देतोय. दोगांनी मिळून फळीवरनं चढिवली. चांदभाई संगट आलं इथवर."

"स्वतः आले?"

"स्वता. खाली उतारलं, चंद्रीच्या पाठीवरनं हात फिरिवला आन मला काय म्हनलं ठावं हाय? 'रंगुबाई, हिला पान्हा सोडाया वक्त लागतो. घाई करू नगंस. मुबारकबी घरात रडतिया, मला लवकर जायाला पायजे.'" रंगुबाईनं पदर तोंडाला लावला. "मुबारकबीच्या मातीला मी गेल्ते, बाई. मला बोलताच ईना. आठरा वर्सामागं खरी चंद्री दिली, तवा हेच बोल्लं हुतं. अक्शी हेच. मी काय करावं? दावं तेवढं नवं बांधलं. ते मागं घिऊन गेले आपलं दावं, रीतीपरमानं. भीमानं त्यास्नी घरी सोडलं, मग फैयाजला फोन क्येला."

"आणि फैयाज?"

"लेकरू फोनवर रडलं. म्हनलं, मावशी, कुनाला सांगू नगा. चार दिसांत मी गुपचूप न्हेतो. पर पुन्याचा मानूस आज टरक घिऊन यील, हे त्याला तरी कुठं ठावं हुतं?"

सुमेधाबाईंनी चंद्रीच्या कपाळावर हात ठेवला. लोखंड गार होतं. खऱ्या चंद्रीला त्यांनी दोनदा विताना मदत केली होती.

६

फैयाज फाटकातच वाट बघत होता. स्कूटर कुठल्या रस्त्यानं आली ते बघून तो समजला.

"अब्बांना सांगू नका मॅडम. पाया पडतो. अब्बांच्या थोरल्या भावाला, मोठ्या चाच्यांना, असंच झालं होतं. शेवटी स्वतःच्या पोरांना ओळखत नव्हते. अब्बांनीच त्यांचं सगळं केलं. तेव्हापासून अब्बांना एकच भीती आहे. त्यांना कळलं तर ते हातोडा उचलणार नाहीत पुन्हा. मला चोर म्हणू द्या, माझं काय जातं?"

"घर जातं."

"घर काय, सुप्याला खोली मिळेल." तो फाटकाच्या कडीशी चाळा करत म्हणाला. डब्यांवर नावं घालणारा, खुंट्यांवर नावं घालणारा हा पोरगा उद्या सुप्याला गेल्यावर वडिलांना न्हाणीचं दार कोण दाखवणार, हा विचार त्यानंही केलाच होता.

सुमेधाबाईंनी येताना एक खोटं तयार केलं होतं. भीमानं चुकून नेली, त्याला वाटलं बक्षीस दिलीय. धड खोटंही नव्हतं ते. ह्यानं पोरगा घरात राहील आणि म्हाताऱ्याची झाकली मूठ झाकलेलीच राहील.

चांदभाई भात्यासमोर बसले होते. भाता थंड होता.

"चांदभाई, चंद्री सापडली," सुमेधाबाई म्हणाल्या. "रंगुबाईच्या गोठ्यात आहे. सुखरूप. कुणी कापली नाही, कुणी विकली नाही. त्याचं असं झालं, की भीमा—"

"दावं?" चांदभाईंनी विचारलं.

"काय?"

"गळ्यात दावं कुठलं हाय?"

जन्मभर जनावरांच्या गावात राहिलेल्या माणसाचा पहिला प्रश्न. सुमेधाबाईंना आयत्या वेळी खोटं सुचलं नाही. "सुंभाचं. कोरं. रंगुबाईनं बांधलंय."

चांदभाई हळूहळू मागं वळले. भिंतीकडे बघितलं. एकेका दाव्यावरून त्यांची नजर सरकत गेली, जशी म्हातारी माणसं जुन्या फोटोतल्या माणसांवरून नेतात, आणि शेवटच्या खिळ्यावर थांबली. ते उठले. निळं दावं काढून हातात घेतलं, त्याच्या वेटोळ्यावरची गाठ अंगठ्यानं चाचपली.

"चोर दावं गुंडाळून भितीला टांगत न्हाई," ते म्हणाले. "आन ही गाठ माजी हाय."

फैयाज पुढं झाला. "अब्बा, ते मीच—"

"गप." चांदभाई दाव्याकडेच बघत होते. "म्या दिली. रीतीनं दिली. भाकरी घातली आसंल. घातली का डाक्टरीणबाई?"

"गूळ चोळून."

"मला काय बी याद न्हाई." त्यांनी दावं बोटांना गुंडाळलं. मग वर न बघता म्हणाले, "भाईजानचं बी आसंच सुरू झाल्तं. पयला वार गेला. मग मानसं." त्यांनी भिंतीला हात टेकला. सुमेधाबाईंना वाटलं, झालं, आता हे बसतील ते उठणार नाहीत. पण म्हाताऱ्यानं मान वर केली ती पोराकडे बघायला.

"तुला ठावं हुतं?"

फैयाजनं होकारार्थी मान हलवली.

"आन तरी तू चोर झालास. समद्या गावाम्होरं." चांदभाईंचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. "दावं घरात ठिवलं की बरकत घरात ऱ्हाती, तुजी अम्मी म्हनायची. आन मी येडा, दावं ठिवलं आन पोराला घालवाया निघालो."

अलफिया दारात उभी होती. ती आत वळली, आणि बॅगेतले कपडे परत फळीवर जाण्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

चांदभाईंनी निळं दावं फैयाजच्या हातात दिलं. "आता ह्ये तुज्यापाशी. आन येक ऐक. मी इसरलो तर सांगायचं. झाकायचं न्हाई. भाईजानचं आमी समद्यांनी झाकलं, आन त्यो एकटाच पडला त्यात. मला एकटं पाडू नगंस."

"नाही पाडणार, अब्बा," फैयाज म्हणाला.

ट्रकपाशी उभ्या अवधूतला अर्धं कळलं होतं, अर्धं नाही. मघाच्या आपल्या बोलण्याची त्याला लाज वाटत असावी, कारण त्यानं बिचकतच विचारलं, "मग चंद्री परत आणू या का? पोस्टरवर तिचाच फोटो आहे."

"इकलेलं जनावर माघारी आनत नसत्यात," चांदभाई म्हणाले. आता त्यांनी बाहीनं डोळे पुसले. "तिथं चार जनींत हाय, बरी हाय. बाकीचे न्ह्या. चंद्रीच्या जागी दुसरी घडवू. फैयाज भाता मारंल. मी चुकलो तर बोलंल, तुजी शेपूट उलटी लागली म्हनून."

फैयाज हसला. आज पहिल्यांदाच.

उन्हं लिंबावर चढली होती, आणि कुणीच सांगितलं नाही तरी बापलेक उठले आणि घोड्याला सावलीत ढकलू लागले. सुमेधाबाईंनी पर्स उचलली. तेवढ्यात चांदभाईंनी मान वळवून विचारलं, "डाक्टरीणबाई, चहा घेतला का?"

फैयाजचे हात घोड्याच्या पाठीवर थांबले. सुमेधाबाईंनी पर्स खाली ठेवली.

"घेतला, चांदभाई. तुम्ही तीनदा विचारलंत आणि मी एकदा घेतला. पण अजून एक चालेल."

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे बघितलं. मग खो खो हसत सुटला. "आसं सांगायचं," तो म्हणाला, आणि चहा टाकायला स्वतःच आत गेला. साखरेच्या डब्यावर साखर लिहिलेलंच होतं.